रनिंग वॉच, काही महिने वापरल्यावर: घड्याळ चांगलंय, पण तो 'करंट पेस' डोक्यात जातो

घड्याळ तुटलं म्हणून हा रिव्ह्यू लिहायचा मुहूर्त लागला, नाहीतर आळसात राहूनच गेला असता. तुटलं म्हणजे स्क्रीन वगैरे नाही, स्ट्रॅपची पिन जिथे अडकते ना, तो केसचा कोपरा उडाला. सर्व्हिसवाले म्हणतात हे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. मी म्हणते हातात घालून धावायचं घड्याळ हातात घालून धावल्यामुळे तुटलं तर ते डॅमेज कसलं. वाद अजून मिटलेला नाही म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतातच, त्यामुळे बॅटरी उत्तम, उन्हात स्क्रीन नीट दिसते, एवढ्यावर तो विषय संपला.

मी घेतलं ते एकाच कामासाठी. मी नवशिकी, धावायला लागले की दोन मिनिटांत धाप, मग चालणं, मग परत जोरात, मग परत धाप. आपल्याला न थांबता झेपेल असा पेस (म्हणजे एक किलोमीटरला किती मिनिटं) किती हे घड्याळ सांगेल अशी साधी अपेक्षा. आणि नेमकं तेच काम हे घड्याळ सगळ्यात वाईट करतं.

मेन स्क्रीनवर भल्यामोठ्या अक्षरात करंट पेस, म्हणजे या क्षणाचा पेस. मी एकाच चालीने धावतेय, काही बदललेलं नाही, आणि हा दाखवतो ७:१०, मग ८:४०, मग झाडं आली की ९:३०, मोकळ्यात आले की एकदम ६:५०. आता ८ मिनिटं प्रति किलोमीटरने धावणारं माणूस एका सेकंदात जेमतेम दोन मीटर पुढे जातं. जीपीएसची चूक मोकळ्या आभाळाखालीही काही मीटरची असते, झाडं आणि उंच इमारती आल्या की आणखी वाढते. मग तो आकडा नाचणारच. तो नाचू नये म्हणून घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी काढतं, त्यामुळे तो नाचतोही आणि वर उशिराही येतो. म्हणजे मी हळू केलं की त्याला ते कळायला वेळ, तोपर्यंत मी आणखी हळू, मग हा ओरडणार की स्लो झालीस, की मी परत जोरात. नवशिक्याचा अर्धा दम या आकड्याच्या मागे धावण्यात जातो. दादा बरोबर होता एक दिवस, शेवटी म्हणाला, "अगं, मनगट खाली ठेव की जरा, खांबाला धडकशील."

खात्री करायला ट्रॅकवर गेले. सगळ्यात आतल्या लेनमधून एक चक्कर ४०० मीटर, त्यात शंकेला जागा नाही (बाहेरच्या आठव्या लेनमधून तीच चक्कर साधारण ४५० होते, तेव्हा कुठल्या लेनमध्ये धावताय ते बघा). हिशोब सोपा आहे: चक्कर बरोबर ३ मिनिटांत झाली तर पेस ७:३०, ३ मिनिटं १२ सेकंदांत झाली तर ८:००. साधं स्टॉपवॉच पुरतं. घड्याळाचा करंट पेस वळणांवर वेडावाकडा, पण पूर्ण चकरेची सरासरी मात्र बरीच जवळ येत होती. म्हणजे मशीन खराब नाही, दाखवायची पद्धत खराब आहे. डेटा स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन करंट पेस काढून टाकला आणि तिथे लॅप पेस टाकला, ऑटो लॅप १ किलोमीटर, म्हणजे चालू किलोमीटरची सरासरी दिसते आणि दर किलोमीटरला ती आपोआप नव्याने सुरू होते. हा सल्ला डब्यातल्या पुस्तिकेत पहिल्या पानावर हवा होता, तिथे काय आहे तर नोटिफिकेशनचा आवाज कसा बदलायचा.

एक गोष्ट मात्र अनपेक्षितपणे आवडली, ती म्हणजे रन-वॉक टायमर. जॉश क्लार्कने १९९६ मध्ये बनवलेल्या काउच टू फाइव्ह के (सोफ्यावरून उठून ५ किलोमीटर धावण्यापर्यंत) या नवशिक्यांच्या प्लॅनचा पहिला आठवडा असा आहे: ५ मिनिटं झपझप चालणं, मग ६० सेकंद जॉग आणि ९० सेकंद चालणं, असं २० मिनिटं आलटून पालटून, आठवड्यातून तीन वेळा. ते सगळं घड्याळात भरून ठेवलं की मनगट थरथरून सांगतं, बघायची गरजच नाही. आणि यातून एक कळलं की ६० सेकंदांच्या जॉगनंतर ९० सेकंद चालूनही श्वास जागेवर आला नसेल तर जॉग जॉग नव्हताच, पळ होता. पेसचा कुठलाही आकडा न बघता हे समजतं.

हार्ट रेटबद्दल आधी असं लिहून ठेवलं होतं: 'पूर्णपणे निरुपयोगी, बंद करून टाका.' कारण धावायला सुरुवात करून पाच मिनिटं होत नाहीत तोच १७२ दाखवायचा, झोन (म्हणजे ठोक्यांवरून ठरवलेली मेहनतीची पायरी) लाल, आणि मी आपली आरामात बडबड करतेय. त्याचं कारण नंतर समजलं. मागचे हिरवे लाइट कातडीखालच्या रक्ताचा चढउतार बघतात, पट्टा सैल असला की घड्याळ उड्या मारतं, आणि मग ते नाडीऐवजी पावलंच मोजायला लागतं. मिनिटाला १६०-१७० पावलं पडतात आणि हार्ट रेटही तेवढाच दिसतो, जुळतंय की. शिवाय झोन ठरवायला यांनी आपोआप २२० वजा वय हे सूत्र वापरलेलं. ती नुसती सरासरी आहे, माणसामाणसात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्या भरवशावर 'तू झोन चारमध्ये आहेस' असं नवख्या माणसाला सांगणं म्हणजे उगाच घाबरवणं.

मग घड्याळ पहिल्यांदा सर्व्हिसला गेलं (तेव्हा बटण अडकलं होतं, तो किस्सा वेगळा), आणि तिकडे 'पार्ट यायचाय, पार्ट यायचाय' चालू असताना मी रिकाम्या मनगटाने धावत होते. बोलता येईल इतकाच वेग ठेवा, हे सगळेच सांगतात, पण एकटं धावताना बोलायचं कुणाशी? मी पाढे म्हणायला लागले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. दोन ओळी एका दमात आल्या तर ठीक. 'सतरा दुणे' म्हणून 'चौतीस'च्या आधी श्वास घ्यावा लागला की वेग जास्त, लगेच कमी करायचा. आणि अख्खा पाढा गाण्यासारखा म्हणता आला तर थोडं वाढवायला हरकत नाही. लोक बघतात, बघू देत. चढ आला की पाढा तुटतो, म्हणून चढावर वेग सोडायचा, उतारावर परत मिळतो, घड्याळाचा पेस काहीही म्हणो. जपानमध्ये फुकुओका युनिव्हर्सिटीच्या हिरोआकी तनाकांनी स्लो जॉगिंगमध्ये हसतहसत धावता येईल असा 'निको निको' पेस सांगितला तो हाच प्रकार, आणि तो चालण्याइतकाही हळू असू शकतो. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण माझा आरामाचा पेस बघून एक आजोबा चालत माझ्या पुढे गेले होते.

अपडेट: घड्याळ परत आल्यावर हार्ट रेटचं मत बदललं, वरचं तसंच ठेवलंय. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवला, एक भोक घट्ट केला, आणि धावायच्या आधी हात-पाय गरम होईपर्यंत चालले. तो १७२चा तमाशा बहुतेक थांबला. झोनकडे अजूनही बघत नाही, पण पाढा सुरळीत चाललाय तेव्हा आकडा साधारण कुठे असतो ते लक्षात ठेवलं, आणि आता तो आकडा माझ्या कामाचा झालाय. उकाड्यात तोच वेग, तोच रस्ता, आणि शेवटच्या किलोमीटरला ठोके कितीतरी वर, कारण अंग थंड ठेवायलाही हृदयालाच राबावं लागतं. अशा दिवशी पेस सोडून द्यायचा आणि ठोक्यांकडे बघून हळू व्हायचं. हे काम घड्याळ चोख करतं. ॲप सारखं सुचवतं की छातीचा पट्टा घ्या, जास्त अचूक असतो. असेल, पण एवढे पैसे मोजल्यावर अजून एक पट्टा मी तरी घेणार नाही.

पेस अलर्टही आता वापरते, पण त्याची रेंज ऐसपैस ठेवून. आधी १० सेकंदांची ठेवली होती तर मनगट सारखं गुणगुणत राहायचं. आता फक्त वरची मर्यादा ठेवलीय, म्हणजे फार जोरात गेले तरच थरथरतं. खालची मर्यादा काढूनच टाकली, हळू धावल्याबद्दल मला मशीनकडून ऐकून घ्यायचं नाही.

घ्यावं का? रन-वॉक टायमर आणि लॅप पेससाठी घेत असाल तर घ्या, पण ही दोन्ही कामं स्वस्तातल्या मॉडेलमध्येही होतात, महागातलं घेऊन मी काय जास्त मिळवलं ते मला अजून सापडायचंय. 'आपला पेस कळेल' म्हणून घेत असाल तर आधी महिनाभर पाढे म्हणून बघा, फुकट आहे. सर्व्हिसला पाच पैकी एक, तोही काउंटरवरच्या मुलीला, ती बिचारी निदान फोन तरी उचलते. तुटलेला कोपरा सध्या जाड रबर बँडने बांधलाय आणि गंमत म्हणजे त्यामुळे पट्टा आधीपेक्षा घट्ट बसतो. दर किलोमीटरला अख्ख्या स्क्रीनवर येणारा तो 'मागच्यापेक्षा स्लो' वाला पॉपअप बंद करायची सेटिंग कुणाला सापडली असेल तर खाली लिहा, मी सगळे मेनू पालथे घातलेत.