एक्स-रोड: खात्याखात्यांना जोडणारी प्रणाली

सरकारी खात्यांना एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करू देणाऱ्या, एस्टोनियात 2001 मध्ये सुरू झालेल्या एक्स-रोड या प्रणालीत मला सर्वाधिक भावते ती एक गोष्ट: सगळ्या नोंदी एकाच कोठारात ओतण्याचा मोह तिने टाळला आहे. प्रत्येक खात्याची माहिती त्याच्याच ताब्यात राहते. दुसऱ्या खात्याने विचारणा केली, की दोन्हीकडच्या सुरक्षा सर्व्हरमधून कूटबद्ध संदेश थेट जातो, त्यावर डिजिटल सही व वेळेचा शिक्का उमटतो आणि त्याची नोंद राहते, त्यामुळे ‘आम्ही ही माहिती मागितलीच नव्हती’ असे म्हणायला पुढे कोणालाही जागा उरत नाही.

एस्टोनिया आणि फिनलंड यांनी 2017 मध्ये संयुक्त संस्था स्थापून तिच्याकडे या प्रणालीचा विकास सोपवला, पुढे आइसलँडही सदस्य झाला. खर्च आणि निर्णय वाटून घेण्याची ही पद्धत मला प्रणालीची संगणकीय संहिता (सोर्स कोड) सर्वांसाठी खुली ठेवण्याइतकीच मोलाची वाटते.

उणिवाही आहेत. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांचे नूतनीकरण आणि सर्व्हरची देखभाल लहान कार्यालयांना जड जाते. शिवाय ‘पत्ता’ या रकान्यात एक खाते कायमचा पत्ता लिहीत असेल आणि दुसरे सध्याचा, तर तो तिढा अधिकाऱ्यांनी समोरासमोर बसूनच सोडवावा लागतो.