शेवग्याच्या पाल्याची पावडर आणि आईची साखर

मालवणला आमच्या घरामागे शेवग्याचं झाड आहे. गोकुळाष्टमीला त्याच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या ठरलेल्या. तरी गेल्या पावसाळ्यात आईने त्याच पाल्याच्या पावडरीचे ४,८०० रुपये मोजले.

मोबाईलवर जाहिरात होती, शेवग्याच्या पानांनी मधुमेह मुळापासून बरा. तिने नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन आला. स्वतःला वैद्य म्हणवणारा तो माणूस ‘माई, माई’ करत अर्धा तास बोलला. तीन महिन्यांचा कोर्स, पैसे पार्सल आल्यावर. शेवटी म्हणाला, ‘इंग्रजी गोळ्या बंद करा, नाहीतर आमचं औषध लागू पडणार नाही.’ आईने मेटफॉर्मिन ही तिची मधुमेहाची गोळी बंद केली आणि आम्हाला कळू दिलं नाही. नंतर म्हणाली, “शेगलाचोच पालो तो, काय वायट होतला?”

गणपतीला गेलो तेव्हा ती रात्रीतून चार-चारदा उठत होती, तोंडाला सारखी कोरड. उपाशीपोटीची साखर २८६ निघाली. गोळ्या चालू असताना ती १३०च्या आसपास असायची.

मी डबा उघडून चिमूटभर पावडर तळहातावर घेतली. मातकट रंग, वास काहीच नाही. आमचा सावलीत वाळवलेला पाला चुरला की हात हिरवा होतो आणि उग्र वास येतो. सोबतच्या पत्रकावर ठळक ‘मधुमेहमुक्ती’, पण डब्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘आहारपूरक, आजाराच्या उपचारासाठी नाही’. अन्न परवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो, यावर ११च आकडे होते. तो क्रमांक खरा की खोटा हे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येतं. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. हे मला आधी माहीत असतं तर आईला वेळेवर सांगितलं असतं.

पाल्यावर माझा राग नाही. त्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, जीवनसत्त्व अ आहे. डॉक्टरही म्हणाले, “भाजी खुशाल खा, पण गोळी मला विचारल्याशिवाय सोडायची नाही.” आई पुन्हा गोळ्यांवर आहे, साखर हळूहळू उतरते आहे.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. डबा, पत्रक, पैशांची पावती सगळं जपून ठेवलं आहे. ‘वैद्यां’चा नंबर आता बंद लागतो. परवा मात्र तीच जाहिरात दुसऱ्या नावाने मावशीच्या मोबाईलवर आली. तिलाही साखर आहे.