तक्ता, विकतची कार्डं की हातची? बालवाडीत अक्षराचा आवाज शिकवताना

जूनमध्ये सांगलीच्या स्टेशनरी दुकानांच्या दारात मुळाक्षरांचे तक्ते लटकू लागतात. अंगणवाडीसाठी असो की घरच्या चार वर्षांच्या मुलासाठी, निवड बहुतेक तिघांतच होते: भिंतीवरचा तक्ता, विकतची चित्रकार्डं, नाहीतर कार्डशीट कापून स्वतः केलेली कार्डं. अक्षर चित्रातच गुंफायचा एक चौथा प्रकारही आहे, तो मोजक्या अक्षरांपुरता.

कोणताही घ्या, कसोटी एकच लावा. चित्र बघून मूल कुणी न सांगता जे म्हणेल, त्या शब्दाचा पहिला आवाज तुमच्या अक्षराचा हवा. मराठी व्यंजनात 'अ' मिसळलेला असतो, म्हणून क साठी कमळ, कप, कढई, कणीस चालतात. किल्ला चालत नाही, कारण मुलाच्या कानावर 'कि' पडतो. घोडा, झाड, चाक हे शब्दही काना-मात्रा सुरू होईपर्यंत बाजूलाच ठेवावेत. तासगावकडच्या मुलाला द्राक्षाची ओळख करून द्यावी लागत नाही, तेव्हा द साठी द्राक्ष घ्यायचा मोह होणारच. पण तोंडातून निघतो 'द्रा'. तिथे दगड, दप्तर, दही बरे.

तक्ता स्वस्त आणि सगळी अक्षरं एका जागी. मात्र ४०-५० चौकटी एकाच कागदावर असल्याने चित्रं लहान होतात आणि मागच्या रांगेतल्या मुलाला नुसते रंगाचे ठिपके दिसतात. एडका, ऐरण, ईडलिंबू, खटारा ही नावं तर आता त्यांच्या आईवडिलांच्याही बोलण्यात क्वचित येतात. एडक्याला मूल बकरं म्हणतं आणि ए तिथेच हरवतो. मोठी अडचण वेगळीच आहे. 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' हे सुरात पाठ होतं आणि आपल्याला वाटतं, आलं. चित्रांवर कागदाची पट्टी धरा आणि मधल्याच एखाद्या अक्षरावर बोट ठेवा. मूल 'क' न म्हणता 'कमळ' म्हणालं, किंवा पहिल्यापासून गाणं सुरू करून तिथवर आलं, तर आवाज अजून शिकायचाच आहे. तक्ता लावायचाच असेल तर खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा, आणि प्लास्टिकचा असेल तर खिडकीसमोर नको. चकाकीत काहीच दिसत नाही.

विकतच्या कार्डांवर चित्र मोठं मिळतं, पण पाकीट उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. काही संच हिंदीवरून उचललेले असतात. त्यात अ अनाराचा असतो आणि ल, श हिंदी वळणाचे. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयानुसार मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श वापरायचा आहे. पहिलीच्या पुस्तकात वेगळं वळण दिसलं की मूल गोंधळतं. दुसरं म्हणजे अक्षर आणि चित्र एकाच बाजूला असेल तर मूल चित्रच वाचणार. अक्षरावर तेवढ्याच आकाराचा कागद चिकटवा आणि अक्षर मागच्या बाजूला काढा. तिसरी उणीव झाकता येत नाही: दर अक्षराला एकच चित्र. आवाज सुटा कळायला चार तरी लागतात.

म्हणून मेहनत असली तरी हातची कार्डं उजवी ठरतात. २२ बाय २८ इंचांच्या एका कार्डशीटमधून साडेपाच बाय सात इंचांची बरोबर १६ कार्डं निघतात, म्हणजे चार अक्षरं, प्रत्येकी चार चित्रं. अ-आ-इ-ई किंवा क-ख-ग-घ या क्रमाचा हट्ट नको. ग, म, भ, न पासून सुरुवात करा, कारण नमन, गगन, मगन असे शब्द लगेच जुळवता येतात. ग ला गवत, गहू, गणपती, गरुड. म ला मका, मगर, मटकी, मडकं. भ ला भजी, भडंग, भरीत, भटजी. न ला नळ, नथ, नख, नदी.

यातली काही चित्रं फसतात. भडंगाला सांगलीचं मूल चिरमुरे म्हणेल, मडक्याला माठ आणि भरिताला सरळ वांगं. भज्यांचं चित्र कांदाभजी झालं की भ शब्दाच्या मध्ये गेला. यादी पक्की करण्याआधी पाच मुलांना न सांगता विचारा. दोघांनी वेगळं नाव घेतलं तर ते चित्र बदला. हळदीची पूड बेसन वाटते आणि ओलं हळकुंड आल्याच्या तुकड्यासारखं, तेव्हा ह साठी हरणच बरं. मात्र उसाला ऊसच म्हणतात, ऊ ची चिंता नाही.

खेळ दहा मिनिटांचा. दोन अक्षरांची आठ कार्डं मिसळा, दोन टोपल्या ठेवा, नाव मोठ्याने म्हणत मुलाने कार्ड योग्य टोपलीत टाकायचं. आधी म आणि न एकत्र घेऊ नका, दोन्ही नाकातले आवाज असल्याने कानाला जवळ वाटतात. ग-म किंवा भ-न अशी जोडी चालते. च चा एक खाचखळगा आहे: चंद्र आणि चकली यांतला आवाज वेगळा. पहिल्या फेरीत दोन्ही एका टोपलीत नकोत. ज, झ चंही तेच.

अक्षरात चित्र गुंफायची पद्धत इंग्रजी अक्षरांवर तपासली गेली आहे. लिनिया एरी आणि सहकाऱ्यांच्या १९८४ मधल्या अमेरिकी अभ्यासात, अक्षराचा आकारच चित्राचा भाग असलेली चित्रं नुसत्या शेजारी छापलेल्या चित्रांपेक्षा उपयोगी ठरली. मराठीत ग ची डावी वळणदार रेघ म्हणजे मासे धरायचा गळ, न ची आडवी रेघ म्हणजे नळाची तोटी. सगळ्या अक्षरांना असं जमत नाही आणि ओढूनताणून केलेलं चित्र मुलाला ओळखूच येत नाही. म-भ, घ-ध यांत गोंधळ असेल तिथे मात्र वापरा. भ आणि ध ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, ती जागा रंगवून दाखवली की फरक डोळ्यात भरतो.

वीस मुलांच्या अंगणवाडीत हातची कार्डं आधी आणि तक्ता पाचव्या वर्षी, क्रम पाठ करायला. घरी एकच मूल आणि वेळ कमी असेल तर विकतचा संच घ्या आणि दर अक्षराला तीन चित्रं वहीतून कापून जोडा. ण आणि ळ साठी यातला कोणताच प्रकार जसाच्या तसा चालत नाही, कारण मराठी शब्द त्यांनी सुरू होत नाहीत. बाण, नळ, फळ, कमळ ही कार्डं घेऊन 'शेवटी काय ऐकू आलं?' असं विचारायचं, आणि तेही पहिला आवाज ओळखता येऊ लागल्यावरच.