कॉर्निश रेक्स की डेव्हन रेक्स?

मांजरांच्या या दोन जातींपैकी आमच्या घरी कॉर्निश आहे, तेव्हा पारडं जरा कललेलं आहे हे आधीच सांगून टाकतो.

दोन्ही इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या आणि दोन्ही कुरळ्या, म्हणून लोक त्यांना सख्ख्या बहिणी समजतात. तसं नाही. कॉर्निशचा मूळपुरुष कॅलीबंकर १९५० साली बॉडमिन मूर या माळरानावर जन्मला. डेव्हनचा किर्ली त्यानंतर दहाएक वर्षांनी बकफास्टली गावात. दोघांच्या वंशांचा संकर केला तेव्हा पिल्लं निघाली सरळ केसांची, कारण कुरळेपणाची जनुकंच वेगळी.

हा फरक हाताला लगेच कळतो. कॉर्निशला वरचे राठ केस नसतातच; अंगालगत मऊ लव आणि तिच्या सलग लाटा. डेव्हनला सगळ्या प्रकारचे केस असतात, पण आखूड आणि कमकुवत. मिशा मोडतात, पोट-छाती अधूनमधून उघडी पडते. कडक ब्रश दोघींनाही नको, ओलसर मऊ कापड पुरतं. ॲलर्जीवाल्यांनी मात्र कुरळ्या केसांवर भरवसा ठेवू नये. त्रास देणारं प्रथिन लाळेत आणि त्वचेच्या तेलात असतं.

फोटोत डेव्हन जिंकते. खाली बसवलेले मोठे कान, रुंद गालफडं, आखूड नाक. स्वभावही लाघवी, खांद्यावर बसून फिरेल, ताटातलं पळवेल. कॉर्निश लांब पायांची, कमानदार पाठीची, कपाटाच्या माथ्यावर राहणारी. चेंडू आणून देईल, पण शांत बसणार नाही. निवांत मांजर हवं असेल तर दोन्ही सोडा.

आमचा निर्णय झाला तो कानांवर. डेव्हनच्या कानांत तपकिरी मेण भराभर साचतं, नखांच्या मुळाशीही तसाच चिकट थर. दर आठवड्याला पशुवैद्यानं दिलेलं द्रावण कानात घालायचं, कानाचं मूळ अर्धा मिनिट चोळायचं, मांजराला डोकं झटकू द्यायचं आणि वर आलेलं तेवढंच कापसानं टिपायचं. काडी आत घालू नये, मेण आणखी खोल जातं. या जातीत त्वचेवर मॅलॅसेझिया या यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा त्रासही बऱ्यापैकी दिसतो. मुंबईच्या पावसाळ्यात तो वाढला तर नवल नाही. कॉर्निशही थोडी तेलकट असते, पण आमच्या अनुभवात कान महिन्याकाठी एकदा पुसले तरी भागतं. ही कामं जड जात नसतील तर डेव्हन जरूर घ्या.

डेव्हन घेताना आईबापांची कॉल्क्यू (COLQ) जनुकाची चाचणी मागा. दोघंही सदोष जनुकाचे वाहक असतील तर पिल्लाला स्नायूंचा आजार होऊ शकतो: मान खाली झुकते, घास घशात अडकतो. दोन्ही जातींत बी रक्तगट आढळतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी गट तपासून घ्या. आणि पिल्लू बघायला गेलात की आधी त्याच्या आईचे कान उलटून बघा.