पेनल्टी, ऑगमेंटेड लाग्रांज की शुद्ध लाग्रांज: कॉन्टॅक्टची पद्धत कशी निवडावी?

दोन भागांनी एकमेकांत शिरू नये, ही (कॉन्टॅक्टची) अट फायनाइट एलिमेंट विश्लेषणात, म्हणजे भागांचे लहान तुकडे (एलिमेंट) पाडून संगणकावर केलेल्या गणितात, कोणत्या पद्धतीने पाळायची, हे सॉफ्टवेअरच्या डिफॉल्टवर न सोडता आपल्या जोडणीतील सर्वांत लहान माप पाहून ठरवावे. समजा, 50 मिमी व्यासाच्या भरीव पोलादी शाफ्टवर 100 मिमी बाह्य व्यासाचा पोलादी हब प्रेस फिट केला (दाबून घट्ट बसवला) आहे आणि व्यासावर 0.05 मिमी इंटरफेरन्स आहे, म्हणजे शाफ्ट हबच्या भोकापेक्षा तेवढा मोठा आहे. जाड नळकांड्यांसाठीच्या लामेच्या सूत्राने येथील संपर्कदाब सुमारे 79 मेगापास्कल येतो.

पेनल्टी पद्धत पृष्ठभागांमध्ये जणू स्प्रिंग बसवते, म्हणून बल निर्माण व्हायला थोडा तरी शिरकाव व्हावाच लागतो. आपल्या जोडणीत त्रिज्येवरचा इंटरफेरन्स अवघा 25 मायक्रॉन (0.025 मिमी) असल्याने 2.5 मायक्रॉनच्या शिरकावानेही दाब 71 मेगापास्कलपर्यंत उतरतो, आणि निकालाच्या रंगीत चित्रात त्याचा मागमूसही दिसत नाही. या स्प्रिंगचा कडकपणा फार वाढवला, तर गणित कन्व्हर्ज होणे (एका उत्तरावर स्थिरावणे) अवघड होते. मात्र मोठ्या असेंब्लीत केवळ भार पुढे पोहोचवायचा असेल, तर हीच पद्धत सर्वांत स्वस्त आणि पुरेशी आहे.

ऑगमेंटेड लाग्रांज पद्धत शिरकाव मर्यादेत येईपर्यंत दाब फेरीगणिक सुधारत जाते. फेऱ्या वाढतात, पण कडकपणाच्या निवडीवर उत्तर तितकेसे अवलंबून राहत नाही. प्रेस फिटसाठी माझी पसंती हिलाच आहे, फक्त मर्यादा स्वतः मिलिमीटरमध्ये द्यावी. ती एलिमेंटच्या खोलीच्या दहा टक्के ठेवली, तर 2 मिमी एलिमेंटला 0.2 मिमी शिरकावाची मुभा मिळते, म्हणजे त्रिज्येवरील इंटरफेरन्सच्या आठपट!

शुद्ध लाग्रांज पद्धतीत दाब हाच स्वतंत्र अज्ञात असतो, त्यामुळे शिरकाव जवळपास शून्य राहतो. परंतु समीकरणांच्या मॅट्रिक्सच्या कर्णावर शून्ये येत असल्याने सहसा डायरेक्ट सॉल्व्हर (समीकरणे फेऱ्यांविना थेट सोडवणारा) लागतो, आणि त्याच नोडवर (एलिमेंट जोडणाऱ्या बिंदूवर) दुसरे बंधन असल्यास अटी परस्परांशी भिडतात. लहान अक्षसममित (अक्षाभोवती सगळीकडे सारखे असल्याने एकच छेद घेतलेल्या) मॉडेलला ती शोभते.

तिन्ही पद्धतींआधी मेश (एलिमेंटची जाळी) तपासावी. 25 मिमी त्रिज्येचे वर्तुळ 2 मिमीच्या सरळ कडांनी काढले, तर प्रत्येक कडेचा मध्य खऱ्या वर्तुळापासून 20 मायक्रॉन आत राहतो. इंटरफेरन्सच 25 मायक्रॉन असताना अशा मेशवर पद्धत बदलून फारसे काही साधणार नाही. तेथे द्वितीय क्रमाचे (कडा वक्र असू शकणारे) एलिमेंट वापरावेत किंवा मॉडेलच अक्षसममित करावे.