रोझमेरी की पानओवा? मराठवाड्यातल्या गच्चीचा विचार करून

लातूर-परभणीकडे गच्चीवर एखादं वासाचं झाड लावायचं म्हटलं की हल्ली रोझमेरीचं नाव निघतं. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं हे झुडूप, पाणी कमी लागतं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं ते मजेत जगेल असा हिशेब. तो अर्धाच बरोबर आहे. आपल्याकडची रोझमेरी बहुधा उन्हाळा काढते आणि श्रावणाच्या झडीत जाते. मुळाशी पाणी थांबलं की मुळं कुजतात, वर पानं सुकलेली दिसतात, म्हणून घरचे आणखी पाणी घालतात. मग ती वाचत नाही.

पानओवाही तुळशीच्याच कुळातला, रोझमेरीसारखाच. पण याची मांसल पानं पाणी धरून ठेवतात, त्यामुळे चार दिवस गावाला गेलात तरी तो तग धरतो. कुंडीत पाणी तुंबलं नाही तर पाऊसही सोसतो. मे महिन्यातलं दुपारचं ऊन मात्र त्याला मानवत नाही; पानं पिवळट पडतात, लहान राहतात. रोझमेरीला दिवसाला सहा तास तरी ऊन हवंच. उत्तरेकडची गॅलरी असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, पानओवा लावा. ऊन येतं, शिवाय पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली सरकवता येते, अशी जागा असेल तरच रोझमेरीचा विचार करा.

मातीत खरी गोम आहे. शेतातली काळी माती ओली झाली की फुगते, पाणी सोडत नाही, वाळली की भेगाळते. पानओवा त्यातही कसाबसा निभावतो, रोझमेरी नाही. तिच्यासाठी एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि थोडं कुजलेलं शेणखत घ्या. (वाळूचे भाव बघता मुरूमच बरा.) चुनखडीचं तिला वावडं नाही, ही आपल्या भागात जमेची बाजू. कुंडी मातीची, तळाला मोठं भोक, खाली ताटली ठेवायची नाही. वरची माती बोटभर कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका.

पानओव्याची फांदी शेजारून मागून आणा आणि मातीत खोचा, धरते. डब्यातला ओवा पेरून हे झाड येत नाही, ते वेगळं. रोझमेरीचं बी उगवायला फार वेळ घेतं आणि उगवतंही थोडंच. तिचं रोपच घ्या, तेही पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे मुळं धरायला अख्खा हिवाळा मिळतो.

स्वयंपाकात दोघांची तुलना फारशी होत नाही. पानओव्याची पानं बेसनात बुडवून भजी करा. ओव्यासारखा वास येतो तो थायमॉल आणि कार्वाक्रॉल या पानांतल्या वासाच्या द्रव्यांमुळे. रोझमेरी लसूण घातलेल्या भाजक्या बटाट्यांत किंवा चिकनमध्ये खुलते. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात ती हरवते, तिथं घालूच नये. वाळवून ठेवायला मात्र तीच कामाची, पानओवा ताजाच खावा. रोझमेरीचे हिरवे शेंडेच खुडा. जून लाकडापर्यंत छाटली तर सहसा पुन्हा फुटत नाही.

राहता राहिले केस. बऱ्याच जणांना रोझमेरी हवी असते ती त्यासाठीच. टक्कल पडत असलेल्या शंभर जणांवरची २०१५ सालची एक चाचणी सगळीकडे सांगितली जाते: सहा महिन्यांनी रोझमेरीचं तेल आणि २ टक्के मिनॉक्सिडिल (टक्कलावर लावायचं औषध) जवळपास सारखंच उतरलं. पण तिथं तेल वापरलं होतं, चार काड्या उकळलेलं पाणी नव्हे. केवळ केसांसाठी उन्हाची जागा अडवणार असाल तर राहू द्या.