घोडीला लसूण चारून पाहिला: दोन महिन्यांचा हिशेब

यंदाच्या पावसाळ्यात रेवाला माश्यांपासून सोडवायचं म्हणून मी घोड्यांसाठीच्या सुक्या लसणाचा डबा मागवला. परदेशी माल, एक किलो, घरपोच अडीच हजारांच्या आसपास पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असे डबे पाच-सहा कंपन्या विकतात, आत सगळ्यांच्या लसूणच असतो, आणि मला जे सांगायचं आहे ते लसणाबद्दल आहे. वाचणाऱ्यांना घाई असेल तर इतकंच: दोन महिन्यांत माश्या कमी झाल्या नाहीत, घोडीच्या अंगातलं रक्त मात्र कमी झालं.

रेवा चौदा वर्षांची आहे, थरोब्रेड म्हणजे शर्यतीच्या जातीची, रंगाने गडद तपकिरी, सावलीत काळीच दिसते. पुढच्या डाव्या गुडघ्याने शर्यती संपवल्या, तेव्हापासून सहा वर्षं ती माझ्याकडे आहे. गोरेगाव पूर्वेला, आरेच्या कडेला तीन घोड्यांचा एक लहान तबेला आहे, तिथे मी एक खण भाड्याने घेतला आहे. उरलेल्या दोन खणांत लग्नाच्या वरातीला जाणाऱ्या दोन पांढऱ्या घोड्या असतात. शर्यतीत होती तोवर रेवाने मुंबईचा पावसाळा काढलाच नव्हता. महालक्ष्मीचा हंगाम हिवाळ्यात असतो, पावसाळ्यात शर्यती पुण्याला जातात आणि घोडेही तिकडे जातात. त्यामुळे जूनमधली इथली दमट हवा आणि त्या हवेतल्या माश्या तिला माझ्याकडे आल्यावरच भेटल्या. आरे म्हणजे 1949 साली शहरातल्या म्हशी हलवून वसवलेली दूध वसाहत. शेजारी म्हशींचे गोठे आहेत, म्हणजे माश्या असणारच. त्यात म्हशीवाल्यांचा काही दोष नाही, त्यांची जनावरंही तेच सोसतात.

ज्यांनी घोडा पाळलेला नाही त्यांना माशी म्हणजे किरकोळ त्रास वाटतो. तसं नाही. घरमाशी दिसते तितकी गरीब नसते. ती डोळ्यांच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यात, खरचटलेल्या जागी बसते आणि तिच्या सोंडेतून एका जंताच्या अळ्या तिथे उतरतात. मग जी जखम होते ती भरता भरत नाही, लाल मांस वर येत राहतं. आपल्याकडचे जुने सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, तिला बरसाती म्हणतात, कारण ती पावसाळ्यात उठते. तबेल्यातली चावरी माशी दिसायला घरमाशीसारखीच असते, पण रक्त पिते, नर आणि मादी दोघंही. तिचा रोख पायांवर असतो. घोडा दिवसभर पाय आपटत राहतो, नालाचे खिळे ढिले होतात, खुराच्या कडा तुटतात. गोमाशी तर कातडी कापूनच रक्त काढते. गोमाश्या आणि चावऱ्या माश्या सर्रा रोगाचे जंतू एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात, आणि सर्रा झालेला घोडा उपचाराशिवाय सहसा वाचत नाही. म्हणून हे सगळं लिहिते आहे. माश्यांवर उपाय शोधणारा माणूस लाड करत नसतो, त्याला खरंच काळजी असते.

डब्यावर लिहिलेला मुद्दा पटण्यासारखा होता. लसूण ठेचला की त्यात अ‍ॅलिसिन तयार होतं, त्याची गंधकयुक्त द्रव्यं रक्तात उतरतात, श्वासातून आणि घामातून बाहेर पडतात, आणि त्या वासाने कीटक दूर राहतात. आपण लसणाची चटणी खाल्ली की दुसऱ्या दिवशीही तोंडाला वास येतो, तेच. मी ते वाचलं आणि विश्वास ठेवला. शिवाय आपल्याकडे लसूण म्हणजे औषधच. बाळंतिणीला लसूण, सर्दीला लसूण, लहान बाळाच्या उशाशी लसूण. घोडीला दिला तर बिघडणार काय, असं मनात आलं.

एक गोंधळ इथेच दूर करते, कारण ओळखीच्या दोघींनी मला तेच विचारलं. लसूणघास आणि लसूण यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. लसूणघास म्हणजे हिरवा चारा, इंग्रजीत ज्याला ल्युसर्न म्हणतात तो, डाळींच्या कुळातला. रेवा तो रोज खाते आणि तिला तो मानवतो. लसूण कांद्याच्या कुळातला आहे, आणि कांद्याने घोड्याचं रक्त बिघडतं हे घोडेवाल्यांना जुनं ठाऊक आहे. ही गोष्ट मला ठाऊक होती, तरी लसणाला ती लागू पडते हे माझ्या डोक्यात आलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली. सोबतच्या चमच्यात तीस ग्रॅम मावतात, दिवसाला एक चमचा, असं डब्यावर होतं. सकाळच्या चंदीत, म्हणजे ओट, गव्हाचा कोंडा आणि थोडा गूळ, यात कालवून दिला. पहिले दोन दिवस तिने तोबऱ्यात फुंकर मारून तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी गूळ वाढवला, तशी खाऊ लागली. आठवड्याने तर चमच्याचा आवाज ऐकूनच मान बाहेर काढायची. मला तेव्हा आनंद झाला होता. आता कळतं की घोडा आवडीने खातो म्हणजे ते त्याला चालतं, असं मुळीच नाही.

तबेल्याला वास भरून राहिला. खरारा करताना तिच्या अंगाला येई, श्वासाला तर येईच. आमचे सईसचाचा 2015 पर्यंत गेटवेला व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाडी, हाकायचे. त्या वर्षी उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, मग गाडी गेली आणि ते तबेल्यात आले. घोड्यांमध्ये त्यांची चाळीस वर्षं गेली आहेत. दहाव्या दिवशी ते म्हणाले, "ताई, वास आपल्याला येतो, माशीला येत नाही." मी म्हटलं, "चाचा, महिनाभर थांबू या."

थांबले, आणि मोजलंही. दर चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाला मोबाइल खांबाला बांधून पाच मिनिटं चित्रण करायचं आणि तिने किती वेळा पाय आपटला ते घरी बसून मोजायचं. लसूण सुरू करण्याआधी तीन वेळा मोजलं होतं: अडतीस, एकेचाळीस, छत्तीस. लसणाच्या सहाव्या आठवड्यात चाळीस, सदतीस, चव्वेचाळीस. शेजारच्या पांढऱ्या घोडीला लसूण नव्हता, ती त्याच पाच मिनिटांत वीस-बावीसवर असायची. गोमाश्या गडद रंगाच्या घोड्यांकडे जास्त जातात, पांढऱ्यांकडे कमी, हे मला नंतर कळलं. चाचांना ते आधीपासून ठाऊक होतं.

इथे मी चूक केली. महिना संपत आला तरी फरक पडेना, तशी मात्रा वाढवली. सकाळी एक आणि संध्याकाळी एक चमचा, शिवाय घरचा दहा-बारा पाकळ्या ताजा लसूण ठेचून. ताज्या लसणात साठ टक्क्यांच्या वर पाणी असतं, म्हणजे सुका लसूण वजनाला अडीच-तीन पट कडक पडतो, हा हिशेब मी केलाच नाही. रेवाचं वजन 430 किलो. ती दिवसाला साठ ग्रॅम सुका आणि वर ताजा, असा जवळजवळ महिनाभर खात होती.

ऑगस्टच्या सुरुवातीला ती मंद झाली. दुडकीवर दोन फेऱ्या मारल्या की घाम, नाकपुड्या फुललेल्या. ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या फिक्या, धुतलेल्या गुलाबी कापडासारख्या. मी घाबरले, कारण मनात सर्रा आला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी मानेच्या शिरेतून रक्त घेतलं आणि निघताना एकच विचारलं, "चंदीत नवीन काय सुरू केलंय?" मी डबा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, झाकण उघडलं आणि म्हणाले, "आजपासून बंद. एक चमचाही नको."

सर्रा नव्हता. पण तांबड्या पेशींचं प्रमाण, जे मार्चमध्ये 38 टक्के होतं, ते 31 वर आलं होतं, आणि काचपट्टीवर काही पेशींच्या कडेला लहान गाठी दिसत होत्या. त्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खराब करतात, त्याचे गोळे पेशीच्या कडेला चिकटतात, आणि प्लीहा अशा पेशी शरीरातून काढून टाकते. रक्त बनण्यापेक्षा मोडण्याचा वेग वाढला की जनावर फिकं पडतं. डॉक्टरांनी कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या अभ्यासाबद्दल सांगितलं, 2005 सालचा. तिथे घोड्यांना सुका लसूण हळूहळू वाढवत दिला. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.2 ग्रॅमच्या वर, इतका त्यांनी आपणहून खाल्ला आणि त्यांना हाच रक्तक्षय झाला. रेवाच्या वजनाला तो आकडा दिवसाचे 86 ग्रॅम होतो. मी तिथवर गेले नव्हते. "तुम्ही त्याच्या खाली होतात, म्हणून सगळं लसणामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण दुसरं कारण मला सापडत नाही, आणि लसूण थांबवणं आपल्या हातात आहे." मला त्यांचं हे सरळ बोलणं आवडलं.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. 37 टक्के. हिरड्या पूर्ववत गुलाबी, आणि चाल अशी की चाचांना लगाम दोन्ही हातांनी धरावा लागला.

आता डब्याबद्दल. माल शुद्ध होता, ओल नव्हती, झाकण घट्ट, वास ताजा. या बाबतीत दोष काढता येत नाही. दोष लेबलात आहे. चारशे किलोच्या घोड्याला आणि दोनशे किलोच्या तट्टाला एकच चमचा. किती दिवस द्यायचा, मध्ये खंड पाडायचा का, आधीच अशक्त किंवा गाभण असेल तर काय, यातलं एक अक्षर नाही. 'नैसर्गिक' मात्र तीन ठिकाणी छापलं आहे. विक्रेत्याला मी सगळं कळवलं, रक्ताचे अहवालही पाठवले. उत्तर आलं की उत्पादन वनस्पतिजन्य असल्याने सुरक्षित आहे. या उत्तराचा मला फार राग आला, अजून आहे. कण्हेरही वनस्पतीच आहे, आणि तिची थोडी पानं पोटात गेली तरी घोडा मरतो.

ज्यांनी लसूण दिला आणि माश्या गेल्या असं सांगितलं, ती माणसं खोटं बोलत नाहीत. मी त्यातल्या दोघांशी बोलले. दोघांनीही त्याच महिन्यात तबेल्याची फरशी नवीन केली होती.

आमच्याकडे फरक पडला तो लीद हलवल्यावर. चावरी माशी अंडी घालते ती मुतात भिजलेल्या, कुजत आलेल्या पेंढ्यात. उबेत अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, घरमाशीला त्याहून कमी. आमचा उकिरडा खणाच्या मागच्या भिंतीला लागून होता, म्हणजे आम्हीच त्यांना घर दिलं होतं. आता ओला पेंढा दिवसातून दोनदा निघतो, आणि लीद पोत्यांत भरून एका रोपवाटिकेवाल्याकडे जाते, तो खुशीने नेतो. दुसरं, पंखा. चिलटं उडायला दुबळी असतात, वाऱ्यात टिकत नाहीत. खणात एक भिंतीवरचा पंखा लावला आणि पहाटे व तिन्हीसांजेला तो बंद ठेवायचा नाही असं ठरवलं. तिसरं, करंजाचं तेल, चाचांचं. खोबरेल अर्धं, करंज अर्धं, पायांना आणि पोटाखाली, एक दिवसाआड. वास उग्र आहे, पण तो जिथे हवा तिथे, कातडीच्या वर आहे. आधी मानेवर हातभर जागेत लावून एक दिवस पाहा, काही घोड्यांना पुरळ येतं. डोळ्यांना जाळीचा मुखवटा.

आणि एक गोष्ट जी मी हौसेने केली. इंग्लंडमध्ये 2019 साली घोड्यांना झेब्र्यासारख्या पट्ट्यांची झूल घालून पाहिली, तर झुलीच्या भागावर गोमाश्या फारच कमी उतरल्या. पट्ट्यांमुळे माशीला नीट बसता येत नाही. मंडपाचं कापड शिवणाऱ्या एका शिंप्याकडून मी मच्छरदाणीच्या कापडाची काळी-पांढरी झूल शिवून घेतली, साडेसहाशे रुपयांत. फिरवायला नेताना घालते. पाठीवर रक्ताचे ठिपके दिसायचे ते जवळजवळ थांबले. पोरं रस्त्यात ओरडतात, रेवा कान टवकारून ऐकते.

सप्टेंबरच्या शेवटी तीच पाच मिनिटं, तोच खांब: चौदा, सतरा, बारा. यातलं पाऊस ओसरल्यामुळे किती आणि आमच्यामुळे किती, ते पुढच्या जूनमध्ये कळेल. तोवर पांढऱ्या घोड्यांच्या खणातही पंखा बसवायचा आहे. अठरा किंवा चोवीस इंची, भिंतीवरचा, जाळी घट्ट असलेला आणि वायर दाताला न पोचणारा. जुना चालेल, कुणाकडे असेल तर कळवा.